ती पायी, मी झाकलेली

मी बोलतेय, गॅरेजमध्ये कापडाखाली उभी असलेली लाल गाडी. कापड आता नाही, पण सवयीनं अजून तसंच तोंडात येतं. माझी गोष्ट माझ्यापासून सुरू करता येत नाही. आमच्या घरच्या बाईंनी एकदा एक नेम धरला होता, तिथूनच ती सुरू करावी लागते.

मी या घरी आले त्या दिवसाची गोष्ट. मला ट्रकमधून उतरवलं, ढकलतच आत आणलं. गॅरेजचे दिवे लावले. सगळ्यांनी लांबून पाहिलं, फोटो काढले आणि पांगले. मग बाई एकट्याच परत आल्या. ओले हात फडक्याला पुसले, माझ्यावरच्या कापडावर तळहात टेकवला आणि डोळे मिटून हळूच म्हणाल्या, "देवा, हिला साक्षीला ठेवते. हे आपणहून मला या गाडीत शेजारी बसवून फिरवून आणतील, तोवर मी कुठल्याच मोटारीत पाय ठेवणार नाही. बसनं जाईन, रेल्वेनं जाईन, नाहीतर पायी जाईन. मागणार नाही, सुचवणार नाही, रुसणार नाही."

आणि हे कुणाला सांगायचंही नव्हतं. नेम पुरा व्हायच्या आधी बोलून दाखवला की तो मोडतो, असं त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं. मला सांगितला तेवढं चाललं असावं. मी काही माणूस नाही.

आता थोडं माझ्याविषयी. माझं इंजिन एकाच माणसानं जुळवलं. तो काम करताना गुणगुणायचा, आणि एखादा स्क्रू मनासारखा बसला की मान डोलवायचा. सगळं जुळून झाल्यावर चाचणीवाल्यानं मला कारखान्यामागच्या गोल रस्त्यावर पळवलं. थोड्याच फेऱ्या. पण एका वळणावर मी रस्त्याला अशी चिकटून वळले की तो स्वतःशीच हसला आणि म्हणाला, "मजा आहे बाई तुझ्या मालकाची." ते मी खरं धरून बसले.

मग तपासणाऱ्यानं समोरच्या काचेच्या कोपऱ्यात खडूनं एक खूण केली, म्हणजे सगळं ठीक. सीटवर, स्टिअरिंगवर, दाराखालच्या पट्टीवर पातळ प्लास्टिक चढवलं. वाटेत डाग पडू नये म्हणून असतं ते. घरी पोचलं की पहिल्याच दिवशी ओढून काढायचं.

माझं कुणी काढलं नाही. पहिल्या मालकानं मला एका गोदामात ठेवलं. तिथं माझ्यासारख्या पुष्कळ होत्या, सगळ्या झाकलेल्या. वर्ष सरलं आणि त्यानं मला चढ्या भावानं दुसऱ्याला विकलं. दुसऱ्यानं तर मला डोळ्यांनी पाहिलंच नाही. फोनवर घेतली, फोनवर विकली. अशी मी तिसऱ्या घरी आले, तरी एकाही घरचा रस्ता पाहिलेला नव्हता. माझ्या किलोमीटरच्या आकड्यात कारखान्यातल्या त्या फेऱ्या तेवढ्या होत्या, आणि सगळा भाव त्या लहानशा आकड्याला होता.

आमच्या मालकांचा पाण्याचे पंप बनवायचा कारखाना. माणूस लोभी नाही, हे मी आधीच सांगते. पण एकदा धंदा अगदी बुडता बुडता वाचला होता आणि ती भीती त्यांच्या अंगातून गेली नव्हती. महागड्या गाड्यांचे सौदे जुळवणारे एक गृहस्थ त्यांना भेटले. ते येऊन गेले की त्यांच्या अत्तराचा वास दिवसभर घरात राहायचा, म्हणून मालकांची आई, बाईंच्या सासूबाई, त्यांना अत्तरवाले म्हणायच्या. अत्तरवाल्यांनी मालकांना पटवलं, "साहेब, ही गाडी नाही, तिजोरी आहे. फक्त चालवायची नाही. एक किलोमीटर चालवलीत की आपल्याच हातानं तिजोरी फोडलीत असं समजा."

तेव्हापासून मालक आठवड्यातून एकदा येत. कापडाची कड उचलून बघत, माझी बॅटरी भारली जातेय ना ते पाहत, एसीचा आकडा तपासत आणि दार लोटून जात. माझ्यासाठी गॅरेजला एसी लावला होता. सासूबाईंच्या खोलीत पंखा होता. त्यामुळे सासूबाई उन्हाळ्यात खुर्ची घेऊन माझ्याजवळच बसायच्या, शेंगा सोलत. "लेक विचारत नाही, पण लेकाची गाडी आहे माझी काळजी घ्यायला," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. मालक म्हणायचे, "आई, शेंगांची सालं तिथं नको. उंदीर येतील." सासूबाई म्हणायच्या, "येऊ देत की. कुणीतरी बसेल गाडीत."

बाई रोज गॅरेज झाडायच्या. झाडता झाडता बोलायच्या. त्यांच्या लग्नानंतरच्या जुन्या खटारा गाडीची गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकली. मालक त्या गाडीतून पंप पोचवायला जायचे आणि बाई शेजारी बसायच्या, मांडीवर नट-बोल्टचा डबा घेऊन. खिडकीची काच वर होत नव्हती. चढावर गाडी बंद पडली की बाई उतरून ढकलायच्या आणि मालक आतून ओरडायचे, "जोर लाव, महाराणी." "हसून हसून गाडी ढकलता यायची नाही गं," बाई मला सांगायच्या. "आता एवढी सोन्यासारखी तू दारात आहेस, आणि ते हसू कुठं ठेवलंय कुणास ठाऊक. मला काही फिरायची हौस नाही. त्यांचं हसू तेवढं परत यायला हवं."

म्हणून तो नेम. आणि तो पाळताना बाईंची दमछाक व्हायची. बाजार लांब, दवाखाना लांब. नात्यातल्या लग्नाला न्यायला ड्रायव्हर आला तर बाईंनी त्याला चहा पाजून रिकाम्या गाडीनं परत पाठवलं आणि बसच्या रांगेत उभ्या राहिल्या. मालकांनी विचारलं तर म्हणाल्या, "पायांना चाल हवी असं डॉक्टर म्हणतात." मालक कामात होते, त्यांनी मान हलवली. असं करत दोन वर्षं होत आली.

एक दिवस अत्तरवाले घाईघाईनं आले. गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याला अजिबात न चालवलेली, न शिवलेली गाडीच हवी होती, आणि तोही मला अशीच झाकून ठेवणार होता. उद्या सकाळी त्याची तपासणारी बाई येईल, तिनं होकार दिला की सौदा पक्का.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं फडकं मी पाहिलं. ते त्यांनी इतकं घट्ट पिळलं की पाणी फरशीवर सांडलं. मी गेले की नेमही माझ्याबरोबर जाणार होता. पुरा व्हायची सोयच राहणार नव्हती. या गाडीत म्हणून त्या बोलल्या होत्या, दुसरी कुठली चालणार नव्हती. म्हणजे जन्मभर पायी. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते हसू तर राहूनच जाणार. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य त्यांना बोलता येत नव्हतं, आणि मला बोलायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घर उठायच्या आत बाई आल्या. कापड काढलं. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जा बाई. माझं मी बघेन. पण अशी मळक्या तोंडानं नाही पाठवायची तुला." मग कोमट पाणी आणलं, मऊ फडकं आणलं. माझी काच पुसली. कोपऱ्यातली खडूची खूण पुसली. दार उघडलं आणि सीटवरचं पिवळं पडून चुरगळलेलं प्लास्टिक पाहून त्यांना माझी कीव आली असावी. कडेनं नख घातलं आणि हळूहळू सगळं सोलून काढलं. स्टिअरिंगवरचं, पट्टीवरचंही. नीट घडी घालून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

मला इतकं मोकळं वाटलं आणि त्याच वेळी अशी धडकी भरली. त्या प्लास्टिकची आणि त्या खुणेची किंमत अत्तरवाल्यांच्या तोंडून मी कितीदा ऐकली होती. बाई त्या वेळी स्वयंपाकघरात असायच्या.

तपासणारी बाई आली. हातमोजे घालून, हातात टॉर्च घेऊन ती माझ्याभोवती फिरली. दार उघडलं, आत वाकली आणि तशीच थांबली.

"मूळ प्लास्टिक नाही," ती म्हणाली.

"असं कसं होईल?" अत्तरवाले पुढे झाले. त्यांनी आत पाहिलं, काच पाहिली आणि मालकांकडे वळले. "साहेब, खूणही गेली. कारखान्याची खूण."

मालकांचा चेहरा पांढरा पडला. बाई चहाचा ट्रे घेऊन आत येत होत्या. कुणी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "मीच पुसली. फार मळली होती."

तपासणाऱ्या बाईनं हातमोजे काढले. रागावली नाही, तिच्या कामात राग बसत नसावा. "आमच्या गिऱ्हाईकाला चालणार नाही," एवढंच म्हणाली, चहा घेतला आणि निघाली. अत्तरवाले तिच्या मागोमाग धावले. जाताना मालकांना म्हणाले, "दुसरं कुणी बघतो. फोनपाशी राहा. आणि साहेब, कृपा करून आता कुणी हात लावू नका."

गॅरेजमध्ये घरचेच उरले. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"तुला कुणी सांगितलं होतं?" मालक म्हणाले. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं.

"कुणी नाही. परक्या घरी जाणार, म्हटलं तोंड पुसून द्यावं."

"अगं, ते मळलेलं होतं त्याचेच पैसे होते."

बाईंना खरंच कळलं नाही. "मळाचे पैसे?"

"हो. मळाचे."

"मग माझ्या खोलीतली कोळ्याची जाळी पण दाखव त्या अत्तरवाल्याला," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "दोन्ही कोपऱ्यांत आहेत. कुणी शिवलेलं नाही."

"आई, तू मध्ये बोलू नकोस."

मालक माझ्यात येऊन बसले. नुकसान किती ते बघायला बसले असतील. पण दोन वर्षांत ते पहिल्यांदाच खरोखर माझ्यात बसले होते. एरवी कधी बसलेच तर त्या प्लास्टिकवर, अवघडून, कुरकुर आवाज करत. आता माझं कातडं त्यांच्या पाठीला लागलं. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले आणि बोटं आपोआप आवळली गेली. मी श्वास धरला, असं म्हणायला हवं.

त्यांनी काचेच्या पुसलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"ये, बस इथं," ते शेजारच्या सीटकडे बोट करून म्हणाले. "इथून बघ काय करून ठेवलंस ते."

बाईंनी एक पाऊल टाकलं आणि थांबल्या. नुसतं उभ्या गाडीत बसणं म्हणजे फिरवून आणणं नव्हे. "मी उभीच बरी."

"बस म्हणतोय ना."

"नको."

मालकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तू हल्ली कुठल्याच गाडीत बसत नाहीस. त्या लग्नाला पण नाही बसलीस. पायांना काय झालंय तुझ्या?"

"काही नाही."

"दोन वर्षांनी विचारतोय," सासूबाई म्हणाल्या. "बरं झालं, माझ्या डोळ्यांदेखत विचारलंस."

"दोन वर्षं? केव्हापासून म्हणतेस?"

"ही लाल बया आली तेव्हापासून. मला कुणी काही सांगितलेलं नाही. पण सुनेच्या चपला किती झिजतात ते मला दिसतं."

मालकांची नजर बाईंच्या पायांकडे गेली. टाचा भेगाळलेल्या, चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. मग ते हळूच म्हणाले, "काय गं, काही बोलली आहेस का देवापाशी?"

मला वाटलं, आता माझीच काच तडकणार. खोटं बोलायची बाईंना सवय नाही आणि खरं बोलायची मुभा नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, एसीकडे पाहिलं. "दूध ठेवलंय गॅसवर," म्हणाल्या आणि भरभर निघून गेल्या.

दूध केव्हाच तापून झालं होतं. चहा त्याचाच झाला होता.

"धंदा अडचणीत होता तेव्हा हिनं साखर सोडली होती," मालक पुटपुटले. "पहिली मोठी ऑर्डर निघाल्यावर कळलं मला. तोवर फिका चहा प्यायची आणि म्हणायची, असाच आवडतो."

"माझ्याकडे बघून सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मी सोलतेय शेंगा."

तेवढ्यात फोन वाजला. अत्तरवाले होते. मालक बाहेर आले आणि स्पीकर लावून फोन माझ्या टपावर ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "साहेब, देव पावला. दुसरं गिऱ्हाईक आहे. प्लास्टिक नसलं तरी चालेल म्हणतो. भाव तोच. फक्त गाडी चाललेली नको आणि पुढच्या बम्परला भोकं नकोत. नंबरप्लेट लावली नाहीये ना तुम्ही?"

नंबरप्लेट आली तशी खोक्यात पडून होती. ती लावायची तर माझ्या नाकाला भोकं पाडावी लागतात, आणि पाडलेली भोकं बुजत नाहीत. भोकं नसणं हीच न चाललेल्या गाडीची पक्की खूण असते.

"साहेब, हो म्हणू का?"

 मालकांनी फळीवरचं खोकं काढलं. मग कोपऱ्यातल्या कपाटातून त्यांचं जुनं ड्रिल मशीन काढलं, स्वतःच्या हातानं पंप जुळवायच्या दिवसांतलं. प्लग लावला. माझ्यापुढे गुडघ्यांवर बसले.  त्यांच्या डोळ्यांत तीच भीती होती, बुडता बुडता वाचलेल्या माणसाची. ते तसेच बसून राहिले. मला वाटलं, आता उठतील. ठेवतील मशीन परत.

"साहेब, आहात ना? लाइन तुटली का?"

मालकांनी दात आवळले आणि ड्रिल लावलं. कान टोचताना लहान पोर ओरडतं, तसं मला ओरडावंसं वाटलं, पण दुखण्यापेक्षा आनंद जास्त होता.

"साहेब, हा आवाज कसला?"

"भोक पाडतोय," मालक म्हणाले. "एक झालं. थांबा, दुसरं पाडतो."

सासूबाईंच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या.

प्लेट लावून झाल्यावर मालक घराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, दूध उतरवलं असशील तर चल. जरा फिरून येऊ."

बाई आल्या त्या तशाच, फडकं हातात घेऊन. काही विचारलं नाही, मालकांनी काही सांगितलं नाही. हे आपणहून झालं का, की थोडं सासूबाईंनी ढकललं, हा हिशेब देवाकडे. तेवढं तो चालवून घेत असावा.

पण खरी परीक्षा आता माझी होती. कित्येक वर्षांचं शिळं पेट्रोल, जागेवर उभी राहून चपटी झालेली चाकं. मालकांनी बटण दाबलं. मी खोकले आणि गप्प झाले. पुन्हा दाबलं. पुन्हा खोकले. बाईंचे ओठ हलत होते. तिसऱ्यांदा पोटात कुठंतरी ठिणगी पडली आणि मी अशी गरजले की सासूबाईंनी कानांवर हात ठेवले.

फाटकातून निघताना मालकांचा अंदाज चुकला आणि माझं डावं दार खांबाला घासलं. खर्र आवाज झाला. मालकांनी ब्रेक दाबला. मग मालक म्हणाले, "गेली तिजोरी." आणि पुढे निघाले.

सुरुवातीला ते मला काचेचं भांडं नेल्यासारखं नेत होते. मी थडथडत होते. चौकात मी मध्येच बंद पडले. मागून ट्रकनं भोंगा वाजवला, मग आणखी एकानं. मालकांच्या कपाळावर घाम आला. बाईंनी पट्टा सोडला आणि दाराला हात घातला.

"कुठं निघालीस?"

"ढकलते की."

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग पोटातून. "हिला ढकलणार? कंबर मोडेल महाराणी, बस खाली." मागचे भोंगे वाजतच होते आणि हा माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. हसता हसताच बटण दाबलं, आणि मी उठले. खरं सांगते, त्या वेळी मी नाही उठले तर कधी उठणार होते.

शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर माझी चाकं तापून गोल झाली. पहिलं मोठं वळण आलं आणि मी रस्त्याला चिकटून वळले. मालकांच्या तोंडून नुसतं "अरे वा" निघालं.

नदीच्या पुलापलीकडे त्यांनी मला सावलीत थांबवलं. तिथं बाईंनी सगळं सांगितलं. आता सांगायला हरकत नव्हती. मालक ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "दोन वर्षं पायी?"

"बसनंही जायची की. मी काय वेडी आहे?"

मालकांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं आणि बराच वेळ नदीकडेच बघत बसले. मग नाक पुसायला त्यांनी बाईंच्या हातातलं ते फडकं मागून घेतलं.

आता माझा भाव विचाराल तर अत्तरवाले नाव काढत नाहीत. नाकाला भोकं आहेत, दारावर ओरखडा आहे, सीटच्या फटीत शेंगांची सालं आहेत. रविवारी सासूबाई बसतात. मी जमिनीला टेकलेली, म्हणून त्यांना आत उतरवायला दोघं लागतात. "गाडी आहे की खड्डा?" असं दर वेळी म्हणतात आणि उतरायला तयार होत नाहीत. मालकांची भीती गेली असं नाही. महिन्यातून कधी ते माझ्या ओरखड्यावरून बोट फिरवतात आणि गप्प होतात. मग बाई येऊन आपल्या बाजूच्या दारापाशी उभ्या राहतात, काही न मागता.

माझं ऐकणाऱ्या माणसा, तुझ्याही घरात कुणाचं तरी हसू कुठल्या तरी वस्तूखाली झाकून गेलं असेल. त्याच्याशी भांडू नकोस. देवापाशी जा, एक नेम धर, तुला झेपेल असा. कुणाला सांगू नकोस. आणि त्यानं आपणहून "चल" म्हणेपर्यंत पायी चालत राहा.